घरी बांधलेल्या विमानाच्या फायबरग्लासवर गॅरेजची पुट्टी चालते का?

कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर बांधलेल्या सहा आसनी विमानाची चाचणी उड्डाणे २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवर झाली, तेव्हा विमान कारखान्याबाहेरही बांधता येते ही गोष्ट खानदेशातल्या पुष्कळ लोकांना पहिल्यांदाच जवळून कळली. धुळ्यात आणि शिरपुरात वैमानिक घडवणाऱ्या संस्था आहेत, जळगावला विमानतळ आहे, आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांत हौशी विमानबांधणीविषयी कुतूहलही आहे. या कुतूहलातून निघणारे बहुतेक प्रश्न इंजिनाचे, परवानगीचे किंवा खर्चाचे असतात. येथे मात्र एका दुर्लक्षित प्रश्नाचा विचार करायचा आहे, कारण तो साधा वाटतो आणि तसा नाही: विमानाचा फायबरग्लासचा भाग तयार झाल्यावर त्याचा खडबडीत पृष्ठभाग गुळगुळीत करण्यासाठी त्यावर काय भरावे?

ज्याने कधी ठोकलेली गाडी दुरुस्तीला टाकली आहे, त्याला उत्तर पाठ असते. डेंटिंग-पेंटिंगवाला पत्रा ठोकून जागेवर आणतो, त्यावर करड्या रंगाची पुट्टी ओढतो, अर्ध्या तासात ती घासतो आणि रंग मारतो. हीच पुट्टी विमानावर का नको, याचे उत्तर तीन गोष्टींत आहे. भाग कोणत्या रेझिनचा आहे, तो विमानावर नेमका कोठे बसतो आणि त्याला किती ऊन सोसावे लागणार आहे, हे आधी पाहावे लागते. डब्यावरचे नाव त्यानंतर येते.

फायबरग्लास म्हणजे काय आणि त्यावर काही भरावे का लागते

फायबरग्लास म्हणजे काचेच्या अतिशय बारीक तंतूंचे विणलेले कापड आणि त्यात मुरवून घट्ट केलेले रेझिन. रेझिन हा द्रवरूप प्लास्टिकचा पदार्थ असून त्यात हार्डनर मिसळला की तो रासायनिक क्रियेने कायमचा कडक होतो. ताण सोसण्याचे काम मुख्यतः काचेचे तंतू करतात, आणि रेझिन त्यांना जागेवर धरून ठेवते.

कापड विणलेले असल्यामुळे कडक झालेल्या पृष्ठभागावर विणीची खळगी राहतात, दोन कापडांच्या जोडावर उंचवटा येतो आणि फोमच्या गाभ्यावर हाताने कापड बसवले असेल तर लांबवर पसरलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या पण हाताला जाणवणाऱ्या लाटा राहतात. पंखाचा आकार हवेच्या दृष्टीने अचूक असावा लागतो, म्हणून ही खळगी भरून, घासून पृष्ठभाग सलग करावा लागतो. जो पदार्थ भरायचा त्याला फिलर म्हणतात. गॅरेजची पुट्टी हा त्याचाच एक प्रकार.

फिलर कोणताही ताण सोसत नाही, हे सुरुवातीलाच मनात पक्के केले पाहिजे. तो विमानाला बळकटी देत नाही, फक्त वजन देतो. त्यामुळे उत्तम फिलर कोणता, याच्याही आधी फिलर कमीत कमी कसा लागेल हा प्रश्न येतो. कापडाचा शेवटचा थर ओला असतानाच त्यावर पील प्लाय नावाचे नायलॉनचे किंवा पॉलिएस्टरचे कापड दाबून बसवतात. रेझिन कडक झाल्यावर ते ओढून काढले की खाली एकसारखा, बारीक खरखरीचा पृष्ठभाग मिळतो, जोडांचे उंचवटे दबलेले असतात आणि विणीची खळगी बरीचशी भरलेली असतात. हौशी बांधणाऱ्याने फिलर शोधण्यात आठवडा घालवण्याऐवजी पील प्लाय नीट बसवण्याची सवय लावली, तर त्याचा फायदा कितीतरी अधिक होतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन रेझिन, दोन स्वभाव

हौशी विमानांत प्रामुख्याने दोन रेझिन भेटतात, पॉलिएस्टर आणि इपॉक्सी. विनाइल एस्टर नावाचे तिसरे रेझिनही काही किटांत, म्हणजे घरी जोडण्यासाठी मिळणाऱ्या विमानाच्या तयार भागांच्या संचांत, वापरलेले असते, पण फिलरपुरते ते पॉलिएस्टरच्या जवळचे मानले तरी चालते.

पॉलिएस्टर आपल्याकडे सर्वांच्या परिचयाचे आहे, जरी नाव माहीत नसले तरी. फायबरच्या पाण्याच्या टाक्या, दरवाजे, छपराचे पारदर्शक पत्रे बहुधा याच रेझिनचे असतात. त्यात स्टायरीन नावाचा उग्र वासाचा द्रव असतो, आणि हार्डनर अगदी थोडा लागतो, कारण तो क्रिया फक्त सुरू करून देतो. गाडीची नेहमीची पुट्टी हीसुद्धा पॉलिएस्टर रेझिन आणि शंखजिऱ्यासारखी खनिज भुकटी यांचे मिश्रण असते. तिच्यासोबत मिळणारी लाल किंवा निळी ट्यूब म्हणजे बेन्झॉइल पेरॉक्साइडची पेस्ट.

इपॉक्सीचे तसे नाही. तिथे रेझिन आणि हार्डनर हे दोघेही क्रियेत पूर्ण वाटा उचलतात. रेझिनच्या ठरावीक रेणूंना हार्डनरचे ठरावीक रेणू जोडीदार म्हणून मिळावेच लागतात. जोडीदार कमी पडले किंवा उरले, तर मिश्रण कधीच पुरते कडक होत नाही. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत ओळखीचे असलेले एलवाय ५५६ रेझिन आणि एचवाय ९५१ हार्डनर वजनाने साधारण शंभराला दहा या प्रमाणात घेतात. विमानासाठीच्या इतर इपॉक्सींचे प्रमाण वेगळे असते, पण प्रत्येकाचे ठरलेले असते.

येथेच गॅरेजमधली सवय घात करते. पॉलिएस्टर पुट्टीत हार्डनर वजनाने सुमारे दोन टक्के असतो, आणि अनुभवी कारागीर भुसावळच्या मे महिन्यात तो जरा कमी आणि डिसेंबरच्या सकाळी जरा जास्त घेतो. त्या पुट्टीसाठी मर्यादेत हे योग्यच आहे, जरी फार जास्त पेरॉक्साइड पडला तर तो पुढे रंगातून डागासारखा वर येतो. तोच कारागीर इपॉक्सीच्या बाबतीत "लवकर सुकावे म्हणून हार्डनर थोडा वाढवू का?" असे विचारतो, तेव्हा त्याला निक्षून नाही म्हणावे लागते. इपॉक्सी लवकर किंवा उशिरा कडक करायची असेल तर वेगळ्या गतीचा हार्डनर विकत घ्यावा लागतो किंवा तापमान बदलावे लागते. प्रमाण बदलता येत नाही. त्यासाठी एक ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा हवाच, आणि लहान मापे करायची असतील तर त्याहूनही सूक्ष्म.

कोणावर काय चिकटते

खानदेशातल्या जुन्या धाब्याच्या घरांच्या मातीच्या भिंतींना कोणी हौसेने सिमेंटचा गिलावा केला, तर काही वर्षांत तो पापुद्र्यासारखा सुटून येतो, हे अनेकांनी पाहिले असेल. सिमेंट वाईट असते म्हणून ते घडत नाही. माती आणि सिमेंट ओलीने, उन्हाने वेगवेगळे फुगतात आणि आकसतात, आणि दोघांमधला सांधा केवळ वरवरचा असतो. इपॉक्सीच्या भागावर पॉलिएस्टरची पुट्टी लावली की याच जातीची अडचण उभी राहते. पॉलिएस्टर कडक होताना इपॉक्सीपेक्षा स्पष्टपणे जास्त आकसते, आणि इपॉक्सीशी तिचे रासायनिक नाते जुळत नाही. त्यातच इपॉक्सी पूर्ण मुरलेली नसेल, तर तिच्यात शिल्लक राहिलेल्या हार्डनरमधली अमाइन द्रव्ये पुट्टीच्या तळाला कडक होऊ देत नाहीत, आणि वरून टणक दिसणारी पुट्टी खाली चिकट राहते.

उलट दिशेने मात्र अडचण नाही. पूर्ण कडक झालेल्या, स्वच्छ आणि घासलेल्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी फार चांगली चिकटते. म्हणून हौशी बांधणाऱ्यांसाठी एक सोपा नियम सांगता येतो: इपॉक्सी दोन्हींवर चालते, पॉलिएस्टर फक्त पॉलिएस्टरवर. आपला भाग कोणत्या रेझिनचा आहे हे कळत नसेल, तर इपॉक्सीचा फिलर घ्यावा आणि विषय संपवावा.

भाग कशाचा आहे हे किटच्या कागदपत्रांत लिहिलेले असते. अमेरिकेतील व्हॅन्स कंपनीची आरव्ही मालिकेतील विमाने धातूची असली, तरी त्यांच्या पंखांची टोके, चाकांवरची आवरणे आणि इंजिनाचे झाकण फायबरग्लासचे असते. हे सगळे भाग एकाच रेझिनचे असतील असे गृहीत धरू नये. एकाच विमानात पॉलिएस्टरचे आणि इपॉक्सीचे भाग शेजारीशेजारी बसलेले असू शकतात. साच्यातून काढलेल्या तयार भागांवर साच्याचे मेणही राहिलेले असते. ते आधी धुऊन आणि योग्य द्रावकाने पुसून काढावे, आणि मगच घासावे. उलट क्रमाने केल्यास घासताना ते मेण खरखरीत अधिकच आत बसते.

फोमवर पुट्टी लागली तर

अमेरिकेतील विमानरचनाकार बर्ट रुटान यांचे व्हेरी-ईझी हे विमान १९७५ साली आणि लाँग-ईझी १९७९ साली उडाले, आणि त्यांनी हौशी विमानबांधणीचे रूपच पालटले. साच्याची गरज नाही. पॉलिस्टायरीन फोमचा ठोकळा तापलेल्या तारेने पंखाच्या आकारात कापायचा, त्यावर इपॉक्सीत भिजवलेले काचेचे कापड बसवायचे, आणि पंख तयार. घराच्या पडवीत करता येईल असे हे काम होते.

या पद्धतीत पॉलिएस्टर पुट्टीचा धोका चिकटण्यापुरता राहत नाही. पुट्टीतले स्टायरीन पॉलिस्टायरीन फोमला विरघळवते. कापडाला कोठे छिद्र राहिले असेल, कड उघडी असेल किंवा दुरुस्तीसाठी फोम उघडा केला असेल, तेथे पुट्टी लावली की आतला गाभा वितळून पोकळी तयार होते, आणि ती वरून दिसत नाही. वाळल्यावर पृष्ठभाग सुंदर दिसतो. खाली कापडाला आधार नसतो. माझ्या मते अशा पद्धतीने विमान बांधणाऱ्याने पॉलिएस्टर पुट्टीचा डबा त्या खोलीत आणूच नये.

मग योग्य फिलर कोणता

उत्तर अनेक दशकांपासून तेच आहे: त्याच जातीची इपॉक्सी आणि तिच्यात मिसळलेले मायक्रोबलून. मायक्रोबलून म्हणजे काचेचे पोकळ गोळे, इतके बारीक की हातात घेतले तर पांढऱ्या पिठासारखे वाटतात. थ्रीएम कंपनीच्या के-१५ या प्रकाराची घनता दर घनसेंटिमीटरला ०.१५ ग्रॅम आहे, म्हणजे पाण्याच्या सातव्या हिश्श्याहून थोडीशीच जास्त. इपॉक्सीत हे भरपूर मिसळले की तयार होणारा लेप पाण्याच्या निम्म्या वजनाचा भरतो आणि कडक झाल्यावर कागदाने सहज घासला जातो.

मिश्रण किती दाट करायचे हे कामावर ठरते. आकारमानाने एकास एक घेतले तर वाहता लेप होतो. तो फोमच्या छिद्रांत किंवा उघड्या विणीत पातळ ओढण्यासाठी वापरतात. एकास पाचच्या आसपास गेल्यावर कोरडे, ओढले की जागेवर उभे राहणारे मिश्रण मिळते, आणि पृष्ठभागाला आकार देण्यासाठी हेच हवे. थेट कोरडे मिश्रण लावले तर त्यात तळाला भिजवण्यापुरते रेझिन नसते, म्हणून आधी पृष्ठभागावर पातळ लेपाचा हात फिरवून, तो ओला असतानाच वर कोरडे मिश्रण ओढावे.

बाजारात मायक्रोबलूनखेरीज इतर भुकट्याही मिळतात आणि त्या दिसायला सारख्या असल्या तरी कामे वेगळी करतात. कापसाच्या तंतूंची भुकटी, जिला बांधणारे फ्लॉक्स म्हणतात, ती कोपऱ्यांत आणि जोडांत बळकटीसाठी असते. तिने पृष्ठभाग भरला तर घासणाऱ्याचे खांदे निकामी होतील. कोलॉइडल सिलिका मिश्रण ओघळू नये म्हणून चिमूटभर घालतात. जास्त झाली तर फिलर काचेसारखा कडक होतो. लालसर तपकिरी रंगाचे फिनॉलिक गोळे घासायला सोपे असतात. प्लास्टिकचे अतिशय हलके गोळेही मिळतात, पण त्यांच्याविषयी पुढे उन्हाच्या संदर्भात बोलावे लागेल.

सुपरफिलसारखे तयार, दोन डब्यांतले इपॉक्सी फिलरही विमानासाठीच बनवलेले असतात. त्यांचा लाभ हा की मिश्रण दर वेळी एकसारखे होते आणि पिठासारखी भुकटी हवेत उडत नाही. तोटा किमतीचा आणि आयातीचा. धुळ्यात किंवा जळगावात बसून काम करणाऱ्याने मायक्रोबलूनची पिशवी मागवून, आराखड्यात सांगितलेल्याच इपॉक्सीत ती मिसळणे मला अधिक व्यवहार्य वाटते, कारण ज्या रेझिनने भाग बांधला त्याच रेझिनचा फिलर झाल्यावर सुसंगततेचा प्रश्नच उरत नाही.

गॅरेजात आणखी तीन पदार्थ हाताशी असतात. एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोजची, पुट्टी ही द्रावक उडून वाळते, त्यामुळे आठवडे उलटले तरी आकसत राहते. ती विमानावर कोठेच नको. भिंतीची पांढरी पुट्टी सिमेंटची असते, तिचा विचारही करू नये. अॅल्युमिनियमची भुकटी असलेली पुट्टी मजबूत म्हणून विकली जाते, परंतु फायबरग्लासच्या विमानांत रेडिओचा अँटेना अनेकदा पंखाच्या किंवा शेपटीच्या कातडीखालीच तांब्याच्या पट्टीच्या रूपात पुरलेला असतो, आणि त्याच्यावर धातूची भुकटी पसरणे म्हणजे रेडिओच्या वाटेत स्वतःच अडथळा घालणे होय.

"थोडीशीच तर लागते, वजनाने काय फरक पडणार?"

ही शंका रास्त आहे, म्हणून हिशेबच करून पाहू. लहान दोन आसनी विमानाचा सर्व बाजूंनी मिळून तीस चौरस मीटर पृष्ठभाग धरला आणि घासून झाल्यावर त्यावर सरासरी अर्धा मिलिमीटर फिलर उरला, तर त्याचे आकारमान पंधरा लिटर होते. मायक्रोबलूनचा फिलर लिटरला अर्धा किलो धरला तर वजन साडेसात किलो. जुन्या पद्धतीची, खनिज भुकटीने भरलेली पुट्टी लिटरला सुमारे १.७ किलो भरते, म्हणजे तेवढ्याच जागेसाठी साडेपंचवीस किलो. अठरा किलोंचा हा फरक सुमारे पंचवीस लिटर पेट्रोलच्या वजनाएवढा आहे, आणि ज्या लाँग-ईझीचे रिकामे वजन सव्वातीनशे किलोंच्या आसपास धरलेले होते, तिथे तो नगण्य म्हणता येत नाही. "लाइटवेट" असे लिहिलेल्या गाडीच्या पुट्ट्यांत हल्ली पोकळ गोळे घातलेले असतात आणि त्या लिटरला एक किलोच्या थोड्या वर भरतात; त्या जुन्या पुट्टीपेक्षा चांगल्या, पण मायक्रोबलूनच्या दुपटीने जड.

मात्र एकूण वजनापेक्षाही गंभीर बाब वेगळी आहे, आणि तिच्याबद्दल पुरेसे बोलले जात नाही.

बिजागरीमागचे ग्रॅम

विमान वळवणारे, वरखाली करणारे भाग, म्हणजे एलेरॉन, एलिव्हेटर आणि रडर, हे बिजागरीवर हलतात. वेगात असताना हवेच्या दाबाने असा भाग थरथरू लागला आणि त्याचे वजन बिजागरीच्या मागे झुकलेले असले, तर थरथर स्वतःलाच वाढवत जाते. याला फ्लटर म्हणतात, आणि तो काही क्षणांतही भाग तोडून टाकू शकतो. तो टाळण्यासाठी बिजागरीच्या पुढे शिशासारखे जड वजन बसवून भाग तोलून घेतात, आणि हा तोल किती असावा हे आराखड्यात ठरवून दिलेले असते.

आता समजा, एलेरॉनच्या मागच्या कडेजवळ, बिजागरीपासून वीस सेंटिमीटरवर साठ ग्रॅम फिलर जास्त गेला. तोल परत आणण्यासाठी बिजागरीच्या पुढे आठ सेंटिमीटरवर दीडशे ग्रॅम बसवावे लागतील. म्हणजे साठ ग्रॅमच्या निष्काळजीपणाची किंमत दोनशे दहा ग्रॅम, आणि तीही पुढे तेवढे वजन बसवायला जागा असेल तर. जागा नसेल तर घासून काढण्याखेरीज इलाज राहत नाही. जड पुट्टी येथे वापरूच नये, आणि हलका फिलरही विणीची खळगी भरतील इतकाच ठेवावा. या भागांवर दिसण्यापेक्षा तोल महत्त्वाचा मानून थोडी विण दिसू दिली, तरी काही बिघडत नाही. तोल तपासायचा तो फिलर आणि रंग दोन्ही झाल्यावर, कारण रंगालाही वजन असते; आणि पुढे कधी पुन्हा रंग दिला तर पुन्हा तपासायचा.

खानदेशातले ऊन, पाऊस आणि थंडी

परदेशी पुस्तिकांतल्या सूचना वीस-बावीस अंशांच्या गॅरेजसाठी लिहिलेल्या असतात. जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि इपॉक्सीची क्रिया तापमान दहा अंशांनी वाढले की साधारण दुप्पट वेगाने होते. ती क्रिया स्वतःही उष्णता सोडते. पुस्तिकेत अर्धा तास दिलेले मिश्रण दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये काही मिनिटांतच कपातल्या कपात तापून धुरकट होऊ शकते. उपाय असा की एका वेळी थोडेच मिसळावे, मिसळताच ते उथळ ताटात पसरावे म्हणजे उष्णता साठत नाही, संथ हार्डनर घ्यावा आणि काम पहाटे करावे. जानेवारीच्या थंड सकाळी उलटे होते: रेझिन मधासारखे घट्ट होते, मायक्रोबलून नीट मिसळत नाहीत. तेव्हा बंद खोक्यात साधा पिवळा बल्ब लावून डबे आधी कोमट करून घ्यावेत.

पावसाळ्यात त्रास दमटपणाचा. कडक होत असलेल्या इपॉक्सीवर हवेतील ओल आणि कार्बन डायऑक्साइड यांमुळे मेणचट थर येतो, आणि तो तसाच ठेवून वर फिलर ओढला तर सांधा कच्चा राहतो. तो थर पाण्यात विरघळतो. म्हणून स्वच्छ पाणी आणि घासणी घेऊन तो धुवावा, वाळवावा आणि मग सँडपेपर हाती घ्यावा. थेट घासले तर तो थर कागदात भरतो आणि खरखरीत दडपला जातो.

उन्हाचा दुसरा परिणाम विमान तयार झाल्यावर दिसतो. हवेच्या तापमानात मुरलेली इपॉक्सी एका मर्यादेपलीकडे तापली की मऊ होऊ लागते, आणि अनेक इपॉक्सींची ही मर्यादा साठ ते ऐंशी अंशांच्या पट्ट्यात येते. गडद रंगाचा पृष्ठभाग मे महिन्याच्या उन्हात या पट्ट्यात सहज पोहोचतो. पांढरा पृष्ठभाग त्याहून पुष्कळ थंड राहतो. रुटान यांच्या विमानांना पांढराच रंग देण्याचा आग्रह होता तो यामुळेच. वर उल्लेख केलेले प्लास्टिकचे हलके गोळे तर याहून लवकर मऊ होतात, आणि ते बनवणारेच गडद रंगाखाली ते वापरू नयेत असे बजावतात. आपल्याकडे उघड्यावर विमान उभे करायचे असेल, तर काचेचे गोळे आणि पांढरा रंग यांवर तडजोड करू नये. इंजिनाच्या झाकणाच्या आत, एक्झॉस्टजवळ तर कोणताच फिलर नको.

घासण्याची कला, आणि तिच्यातला धोका

फिलर मऊ असतो आणि काच कडक. हाताने किंवा फिरत्या यंत्राने घासले की मऊ भाग आधी झिजतो आणि काच उंचवट्यासारखी राहते. म्हणून लांब, सरळ पाटीला चाळीस नंबरचा सँडपेपर चिकटवून तिरक्या हाताने घासावे आणि आकार आल्यावर क्रमाने ऐंशी, एकशेवीस असे बारीक कागद घ्यावेत. काळ्या रंगाचा अगदी पातळ फवारा आधी मारला तर खोलगट जागा काळ्या राहून स्वतः दिसू लागतात.

काचेचे तंतू दिसू लागले की तेथे हात थांबलाच पाहिजे. या विमानांत कापडाच्या एका थराची जाडी मिलिमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढी असते. जिथे दोनच थर आहेत तिथे एक थर घासला गेला, तर निम्मी ताकद गेली, आणि ती कोणत्याही फिलरने परत येत नाही. उंचवटा खाली घासून सपाटी आणण्यापेक्षा भोवतालची जागा भरून सपाटी आणावी.

सर्वांत शेवटी टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे उरतात. प्राइमरच्या फवाऱ्याने ती बुजत नाहीत, फक्त झाकली जातात आणि पुढे उघडी पडतात. काहीही न मिसळलेली इपॉक्सी रबरी पट्टीने दाबून, पातळ थरांत ओढली की ती छिद्रांत शिरते. घासताना चांगला मास्क आणि इपॉक्सी हाताळताना हातमोजे अनिवार्य आहेत; इपॉक्सीची अॅलर्जी एकदा जडली की बहुधा सुटत नाही, आणि मग अर्धवट विमान दुसऱ्याला द्यावे लागते.

"पण माझ्या माहितीतल्या एकाने गाडीची पुट्टी लावली, आणि ती टिकली"

हे खरे असू शकते. पूर्ण मुरलेल्या, चांगल्या खरखरीत केलेल्या इपॉक्सीवर पॉलिएस्टर पुट्टी यांत्रिक पकडीवर बराच काळ टिकते, आणि पॉलिएस्टरच्या पंख-टोकावर एखादी ओरखड्याची जागा भरायला ती वापरणारे अनुभवी लोक आहेत. मी त्यांना चुकीचे म्हणणार नाही. परंतु टिकलेली पुट्टी कोठे होती, किती जाडीची होती, तिने किती उन्हाळे पाहिले, हे विचारल्याशिवाय त्या अनुभवाचा आधार घेऊ नये. शंका असेल त्याने उरलेल्या कापडाचे दोन तुकडे आपल्याच रेझिनने बनवावेत, एकावर पुट्टी आणि दुसऱ्यावर मायक्रोबलून ओढून दोन्ही रंगवावेत आणि पूर्ण उन्हाळा व पावसाळा गच्चीवर ठेवून द्यावेत. पुट्टीची कड रंगातून रेषेसारखी वर येते का, आणि तुकडा वाकवला असता कोणता थर आधी सुटतो, हे डोळ्यांनी पाहता येते.

"लावून झाली आहे, आता काढू का?"

जागा पाहून ठरवावे. पॉलिएस्टरच्या पंख-टोकावर किंवा चाकाच्या आवरणावर पातळ थर असेल आणि नाण्याने ठोकल्यावर सगळीकडे सारखाच आवाज येत असेल, तर राहू द्यावी. इपॉक्सीच्या पंखावर किंवा धडावर असेल तर रंग देण्याआधी घासून काढणे शहाणपणाचे, कारण रंगानंतर हेच काम कितीतरी पट वाढते. एलेरॉन, एलिव्हेटर किंवा रडरवर असेल तर विचार न करता काढावी आणि तोल नव्याने पाहावा. फोमचा गाभा असलेल्या भागावर, विशेषतः कडेला किंवा दुरुस्तीच्या जागी लावली असेल, तर ती केवळ घासून भागत नाही. त्या जागेचे कापड उघडून खालचा फोम शाबूत आहे का ते पाहावे, गेला असेल तर नवा तुकडा बसवावा आणि आराखड्यात सांगितले आहेत तितकेच थर, सांगितले आहे तितक्याच ओव्हरलॅपने, पुन्हा द्यावेत.